भूल, शस्त्रक्रिया आणि शरीराचा प्रतिकार : एका शब्दाच्या निमित्ताने

शस्त्रक्रियेपूर्वी मराठी रुग्णाला 'भूल' दिली जाते, तर बंगाली रुग्णाला 'अज्ञान' केले जाते. दोन्ही शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना दगा देतात. बंगालीत 'भुल' म्हणजे निव्वळ चूक. 'डॉक्टर भूल देणार आहेत' हे वाक्य बंगाली कानाला भलतेच ऐकू येते. उलट मराठी माणसाला 'अज्ञान' म्हणजे ज्ञानाचा अभाव, बंगालीत मात्र शुद्ध हरपण्यालाही तोच शब्द. मराठीतील 'भूल' चुकीच्या अर्थावर थांबत नाही. भुलणे, भुलवणे, रानभूल या शब्दांत भान सुटण्याची, वाट हरवण्याची छटा आहे आणि वैद्यकाने नेमकी तीच उचलली. या शब्दांचा विचार पूर्वी कधी केला नव्हता. तो करावा लागला याचे कारण भाषाशास्त्रीय नाही.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाचा मुक्काम कोलकात्याच्या बेहाला भागात आहे. शेजारच्या बौदी, म्हणजे आपल्याकडच्या वहिनी, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणार होत्या. बेहालापासून डायमंड हार्बर रस्त्याने दक्षिणेस गेले की ठाकुरपुकुर येथे कर्करोगाचे जुने रुग्णालय लागते, शहराच्या पूर्वेला न्यू टाउनमध्येही मोठे रुग्णालय आहे. तथापि परळच्या 'टाटा'ची वाट धरणाऱ्या बंगाली कुटुंबांची परंपरा जुनी आहे आणि यांचे तर धाकटे दीरही मुंबईत नोकरीला. शेजारी मराठी माणूस राहतो म्हटल्यावर परळला उतरायचे कोठे, हावड्याहून गीतांजली बरी की दुसरी गाडी, अशी चौकशी करायला पतिपत्नी आली. चहा संपता संपता खरा प्रश्न बाहेर पडला. कोणा नातलगाने त्यांना सांगितले होते की, भूल दिली की शरीराची प्रतिकारशक्ती नाहीशी होते आणि सुरी लागली की कर्करोग पसरतो. तेव्हा दोन-तीन महिने काढे व शक्तिवर्धके घेऊन आधी 'शक्ती भरून' घ्यावी, शस्त्रक्रिया मग करावी, असा त्यांचा विचार चालला होता.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यात अर्धे सत्य होते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष जिवावर बेतणारा होता. कर्करोगाच्या उपचारातील विलंबाविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यानुसार शस्त्रक्रिया ४ आठवड्यांनी लांबली, की मृत्यूची जोखीम तुलनेने ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेली आढळते. दोन-तीन महिन्यांच्या प्रतीक्षेची किंमत काय, हे यावरून कळेल. प्रस्तुत लेखकाची पदवी साहित्याची, वैद्यकाची नव्हे. म्हणून उत्तर न देता त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडेच परत पाठवले. परंतु त्या नातलगाच्या विधानात अर्धे सत्य कोणते आणि ते भलत्या निष्कर्षापर्यंत कसे पोहोचले, हे जाणून घेण्यासाठी पुढील काही आठवडे वाचनात गेले. त्या वाचनाचे फलित येथे मांडले आहे.

घोटाळ्याचे मूळ, निदान अंशतः, शब्दात आहे. आपण 'प्रतिकारशक्ती' म्हणतो, बंगालीत 'प्रतिरोध क्षमता' म्हणतात. शक्ती काय आणि क्षमता काय, दोन्ही साठवण्याच्या गोष्टी. रांजणातील पाण्याप्रमाणे ती भरते, वापरली की उतरते, आटते. लॅटिन भाषेतील मूळ शब्दात हे चित्र नाही. तेथे सार्वजनिक कर्तव्यांतून व करांतून मिळालेली सूट हा अर्थ होता, रोगापासूनची सूट हा पुढचा विस्तार. शरीरशास्त्राला अभिप्रेत असलेली गोष्ट या दोहोंपेक्षा निराळी आहे. अनेक प्रकारच्या पेशी, त्यांनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप, चेतासंस्थेचे व अंतःस्रावी ग्रंथींचे त्यांवरील नियंत्रण, या सर्वांतून घडणारा तो एक प्रतिसाद आहे. त्याला चढउतार असतो, तशीच दिशाही असते. एका बाजूने तो भडकलेला असताना दुसऱ्या बाजूने आवरलेला असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर नेमके हेच घडते आणि 'शक्ती कमी होते' या वाक्यात ते मावत नाही.

त्वचेवर शस्त्र चालले की पेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत दडलेले पदार्थ बाहेर सांडतात. शरीर त्यांना धोक्याची खूण मानते. जंतूचा प्रवेश झालेला असो वा नसो, पहिली हाकाटी या सांडलवंडीमुळेच होते. आसपासच्या भक्षकपेशी जाग्या होतात, रक्तातील न्यूट्रोफिल पेशी जखमेकडे धाव घेतात आणि सायटोकाइन नावाचे निरोप रक्तात मिसळतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ हा निरोप पहिल्या काही तासांत वाढू लागतो आणि साधारणतः पहिल्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोहोचतो. तो यकृताला मिळाला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन तयार करू लागते. त्याचे रक्तातील प्रमाण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. जखम जितकी मोठी तितकी ही वाढ मोठी. म्हणूनच दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांवाटे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ती पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा सामान्यतः कमी आढळते. हा झाला दाह. मराठीत 'दाह' म्हटले की केवळ जळजळ डोळ्यांसमोर येते. येथे त्याचा अर्थ दुरुस्तीचे काम सुरू झाले एवढाच घ्यावयाचा.

परंतु दाह बेलगाम झाला तर स्वतःच्याच अवयवांना जाळील. म्हणून त्याच वेळी आवरण्याची यंत्रणाही चालू होते. जखमेकडून चेतातंतूंवाटे वार्ता मेंदूत पोहोचते, हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला जागवतात आणि कॉर्टिसॉल व ॲड्रेनलिन यांचा पूर येतो. कॉर्टिसॉल दाह आटोक्यात ठेवते, पण त्यासोबत रक्तातील लिम्फोसाइट पेशींची संख्या घटते आणि मोनोसाइट पेशींची शत्रूची ओळख पटवून देण्याची क्षमता मंदावते. विषाणूग्रस्त वा कर्करोगी पेशींना पूर्वओळखीविना ठार करणाऱ्या ज्या 'नैसर्गिक मारक पेशी' आहेत, त्यांचेही काम काही दिवस ढिले पडते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही स्थिती काही दिवस, क्वचित काही आठवडे टिकते व मग सावरते. नातलगाच्या विधानातील अर्धे सत्य ते हेच.

आधी भडका आणि मागाहून ओहोटी, असा क्रम या दोन हालचालींमध्ये असतो असे पूर्वी मानत. रॉजर बोन यांनी १९९६ मध्ये या ओहोटीला स्वतंत्र नाव दिले, तेव्हाही क्रमाची कल्पना प्रबळ होती. गंभीर अपघातग्रस्तांच्या पांढऱ्या पेशींमधील जनुकांचा अमेरिकेत व्यापक अभ्यास झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तेव्हा दिसले की दाह वाढवणारी आणि प्रतिकार आवरणारी जनुके बरोबरच हलतात. पेशींमधील ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचे काम इजेनंतर बदलते. रांजणाचे चित्र येथे उघडच निकामी ठरते.

आता प्रश्न भुलीचा. या साऱ्यात तिचा वाटा किती? सर्वांत बोलका पुरावा कमरेत टोचून दिल्या जाणाऱ्या भुलीतून मिळतो. ओटीपोटाच्या वा पायाच्या शस्त्रक्रियेत अशी भूल दिली, तर जखमेची वार्ता मेरुरज्जूतच अडते, मेंदूपर्यंत जात नाही. परिणामी कॉर्टिसॉलची वाढ बरीच रोखली जाते. इंटरल्यूकिन-६ मात्र जवळपास पूर्वीसारखेच वाढते. कारण पेशी तर फुटल्याच आहेत, आणि त्यांची हाकाटी चेतातंतूंवर अवलंबून नाही. यावरून उलगडते ते असे की, प्रतिकारातील फेरबदलांचे प्रधान कारण शस्त्राने झालेली इजा हे आहे. शस्त्राविना नुसती भूल दिली असता होणारे फेरबदल त्यामानाने किरकोळ व अल्पजीवी असतात.

याचा अर्थ भुलीची औषधे या बाबतीत तटस्थ आहेत, असा नाही. श्वासावाटे दिली जाणारी सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही द्रव्ये प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींची परस्परांना चिकटण्याची व मारक पेशींची झडप घालण्याची क्रिया मंदावतात. शिरेतून दिले जाणारे दुधाळ रंगाचे प्रोपोफॉल त्या मानाने सौम्य समजले जाते. मॉर्फीन मारक पेशींना मंदावते. पण मॉर्फीन न देता रुग्णाला वेदनेत ठेवले, तर ती वेदनाही त्यांना मंदावते. ही गोष्ट विसरून मॉर्फीनला नावे ठेवणारे लेखन पुष्कळ आढळते. खरोखर घातक ठरलेले एक उदाहरण मात्र नोंदले पाहिजे. इटोमिडेट हे भुलीचे औषध अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलची निर्मितीच अडवते. अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस गुंगी राहावी म्हणून ते सतत दिले जाई, तेव्हा त्या रुग्णांमध्ये मृत्यू वाढल्याचे १९८३ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांच्या ध्यानी आले आणि तो वापर थांबला. प्रतिकार आवरणारे म्हणून ज्या कॉर्टिसॉलकडे संशयाने पाहावे, त्याच्यावाचून आजारी शरीर तगत नाही, हे त्यातून कळले.

शंका काही नवी नाही. इथरने जंतुभक्षक पेशींवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले होते. हेच ग्रॅहम पुढे १९३३ मध्ये कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस यशस्वीरीत्या काढून टाकणारे शल्यविशारद म्हणून नावाजले. त्याच सुमारास क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल सांगत होते की, रुग्ण झोपला तरी त्याचा मेंदू जखमेचा मारा सोसतच असतो. म्हणून झोपेच्या जोडीला जखमेची जागाही बधिर करावी. हे मत पुढे विस्मरणात गेले व पुन्हा वर आले. परळच्या प्रयोगाकडे येताना क्राइल यांची आठवण ठेवावी लागेल.

बंगालचा संबंध तर त्याहूनही मागे जातो. बेहालाहून हुगळी दूर नाही. तेथे १८४५ मध्ये जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या स्कॉटिश डॉक्टराने तुरुंगातील एका कैद्यावर संमोहनाच्या अमलाखाली शस्त्रक्रिया केली आणि पुढील आठ महिन्यांत अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची यादी आपल्या पुस्तकात छापली. वेदना न झालेला रुग्ण लवकर व बरा सावरतो, असा त्याचा आग्रह होता. त्याचे संमोहन शास्त्रीय कसोटीला उतरले नाही, हे खरे. पण वेदना आणि बरे होणे यांचा संबंध असावा ही त्याची शंका निरर्थक नव्हती. कोलकात्यात १८४६ मध्ये त्याच्यासाठी संमोहनाचे रुग्णालय निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला मॉर्टनने इथरचे प्रात्यक्षिक केले आणि २२ मार्च १८४७ रोजी कोलकात्याच्या वैद्यक महाविद्यालयात इथर देऊन शस्त्रक्रिया झाली. भारतातील ही पहिली नोंद मानली जाते. पुढे क्लोरोफॉर्म आले आणि एस्डेलचा विषय मिटला. (सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावे व मद्य पिणाऱ्यास तीव्र मद्य द्यावे असे सांगितले आहे, आज उपाशीपोटी शस्त्रक्रियागृहात जाणाऱ्यास त्याचे नवल वाटेल. पोटातील अन्न गुंगीत श्वासनलिकेत शिरण्याची भीती सुश्रुताच्या रुग्णाला नव्हती, कारण तो पुरता बेशुद्ध होतच नसे.)

औषधांच्या तुलनेपेक्षा शस्त्रक्रियागृहातील इतर काही साध्या गोष्टींवर संसर्ग अधिक अवलंबून असावा, असे वाचताना वारंवार जाणवले. तापमान हे त्यांतले उत्तम उदाहरण. भुलीत शरीराचे उष्णतेवरील नियंत्रण सुटते, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, गार खोलीत रुग्ण थंड पडू लागतो. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. थंड पडू दिलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला, ऊबदार ठेवलेल्यांत ६ टक्क्यांच्या. पुढे २०२२ मध्ये ५,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ३५.५ आणि ३७ अंश सेल्सिअस या दोन पातळ्यांत फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. पहिल्या अभ्यासातील रुग्ण याहूनही थंड पडले होते. फार थंड पडू देऊ नये, अर्ध्या-एक अंशासाठी धास्तावू नये, इतकाच त्यांचा मेळ. रक्तातील साखर, दिलेले परके रक्त, धूम्रपान, कुपोषण यांनाही अशीच जागा आहे. परके रक्त प्रतिकार आवरते, हे मूत्रपिंड-रोपणाच्या संदर्भात १९७३ मध्येच दिसून आले होते. आधी रक्त घेतलेल्यांच्या शरीरात रोपित मूत्रपिंड अधिक टिकत असे. रोपणात जे वरदान, ते इतरत्र गैरसोयीचे.

एका आणखी धास्तीचा निकाल अलीकडे लागला. शस्त्रक्रियेनंतर मळमळ होऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ डेक्सामेथासोनची एक मात्रा देतात. हे स्टेरॉइड असल्याने जखमेत संसर्ग वाढेल, असे अनेकांना वाटे. एकूण ८,८८० रुग्णांवरील अभ्यास २०२१ मध्ये आला. संसर्गाचे प्रमाण औषध दिलेल्यांत ८.१ टक्के, न दिलेल्यांत ९.१ टक्के. वाढ झाली नाही.

येथपर्यंतची चर्चा मुख्यतः जंतुसंसर्गाची झाली. बौदींची भीती कर्करोग पसरण्याची होती, आणि तिला जीवशास्त्रीय आधार अगदीच नाही असे म्हणता येत नाही. गाठ काढताना काही कर्करोगी पेशी रक्तात सुटू शकतात. त्याच वेळी मारक पेशी ढिल्या, ॲड्रेनलिन व दाहकारक द्रव्ये वाढलेली. अशा काही तासांत त्या पेशींनी दूर कोठे तरी मूळ धरले तर? तेल अवीव येथील शामगर बेन-एलियाहू आणि सहकारी यांनी उंदरांवर अनेक वर्षे हा विचार तपासला आहे. प्राण्यांमधील निष्कर्ष लक्षवेधी आहेत. माणसांच्या बाबतीत मात्र हा इतिहास सावधगिरी शिकवतो.

डब्लिनच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १२९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी चाळल्या. संपूर्ण भुलीच्या जोडीला पाठीच्या कण्यालगतचे चेतातंतू बधिर केलेल्यांपैकी ३ वर्षांनंतर ९४ टक्के रोगमुक्त होत्या. केवळ संपूर्ण भूल व मॉर्फीन मिळालेल्यांपैकी ७७ टक्के. एवढा फरक एखाद्या भारी औषधानेही क्वचित पडतो. साहजिकच जगभर उत्साह पसरला. परंतु नोंदी चाळणे वेगळे आणि चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून पाहणे वेगळे. डॅनियल सेसलर यांच्या नेतृत्वाखाली ८ देशांतील १३ रुग्णालयांत २,१०० हून अधिक स्त्रियांवर तशी कसोटी घेतली गेली, आणि तिचा निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रोग परतण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १० टक्केच. प्रोपोफॉल व सेव्होफ्लुरेन यांची स्तनाच्या कर्करोगातील मोठी तुलना स्वीडनच्या पुढाकाराने झाली. तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि त्यातही जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. यावरून भुलीची पद्धत कोणती हा प्रश्न, निदान या रोगापुरता, रुग्णाने उशाशी घेऊन झोपण्याजोगा राहिलेला नाही.

मग शस्त्रक्रियेभोवतीच्या त्या तासांना काहीच महत्त्व नाही का? येथे आपल्याला परळला जावे लागते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून तेथे उभे आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांनी हा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ सोडला नाही. लंडनमध्ये काम करत असताना, १९९१ मध्ये, त्यांनी व सहकाऱ्यांनी मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यात शस्त्रक्रिया झाली यावर पुढचे आयुष्य अवलंबून असावे काय, असा प्रश्न 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्याचाच धागा धरून शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन देण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता लाभ सिद्ध झाला नाही. ज्यांच्या काखेतील गाठींत रोग पोहोचला होता, त्या उपगटात मात्र लाभ दिसला. एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता.

त्यांनी व सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न अधिक साधा केला. रुग्ण संपूर्ण भुलीत आहे, शस्त्र लागायचे आहे. अशा वेळी गाठीच्या सभोवती, सर्व सहा बाजूंनी, लिग्नोकेनचे ०.५ टक्के द्रावण टोचायचे, सात ते दहा मिनिटे थांबायचे आणि मग गाठ काढायची. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात ते जुने, स्वस्त औषध. भारतातील ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट झाले. या सर्वांचा रोग आरंभीच्या अवस्थेतला होता आणि शस्त्रक्रियेपूर्वी दुसरा उपचार झालेला नव्हता. निष्कर्ष २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असण्याचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत ८६.६ टक्के, न मिळालेल्यांत ८२.६ टक्के, हयात असण्याचे प्रमाण ९०.१ आणि ८६.४ टक्के. म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चार.

हा निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी डोळ्यांआड करू नयेत. ज्यांना इंजेक्शन नव्हते त्यांना साध्या पाण्याचेही इंजेक्शन दिलेले नव्हते. टोचणे व थांबणे यांचा वाटा किती आणि लिग्नोकेनचा किती, हे त्यामुळे वेगळे काढता येत नाही. अन्य देशांत अशाच कसोटीची पुनरावृत्ती होणेही इष्ट. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. संशोधकांचे स्पष्टीकरण प्रतिकारसंस्थेवर उभे नाही. लिग्नोकेन पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग बंद करते. शस्त्राची चाहूल लागताच कर्करोगी पेशी हलण्या-पसरण्याची तयारी करतात, ती चाहूल त्यांना लागूच द्यायची नाही, अशी ही कल्पना आहे. क्राइल यांना मेंदू बधिर ठेवायचा होता, येथे गाठच बधिर केली जाते. दोघांचे औषध मात्र एकाच कुळातले.

या सगळ्याचा 'शक्ती भरून घेण्या'शी संबंध कोठे येतो? कोठेच येत नाही. जे काही उपकारक ठरले वा ठरू पाहते आहे, ते शस्त्रक्रियेच्या दिवसात, शस्त्रक्रियागृहात, काही मिनिटांत वा तासांत घडते. त्यासाठी शस्त्रक्रिया व्हावी लागते. पूर्वतयारीला अर्थ आहे, पण ती मोजकी व वेळेच्या आत बसणारी : विडी-सिगारेट सोडणे, साखर व रक्तक्षय आटोक्यात आणणे, पुरेसे खाणे, थोडे चालणे, सर्दी-खोकला वा ताप असल्यास न लपवता सांगणे. घेत असलेले काढे व गोळ्या यांची यादी भूलतज्ज्ञापुढे ठेवणे तर अत्यावश्यक, कारण त्यांतल्या काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. शक्तिवर्धक म्हणून सुरू केलेला काढा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असा उपद्रव देऊ शकतो, ही गोष्ट त्या नातलगाच्या लक्षात आली नव्हती.

बौदींनी हे सर्व वाचले नाही, त्यांना ते सांगितलेही नाही. त्यांच्या कोलकात्यातील डॉक्टरांनी दहा मिनिटे समोर बसवून समजावले आणि शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख त्यांनी पाळली. प्रस्तुत लेखकाने परळच्या आसपासच्या धर्मशाळांचे पत्ते लिहून दिले आणि 'भूल' या मराठी शब्दाचा अर्थ समजावला, म्हणजे वॉर्डात कोणी तो उच्चारला तर त्या दचकू नयेत. त्या हसल्या. तरी जाण्यापूर्वी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या रात्री त्यांच्या यजमानांचा दूरध्वनी आला. अंगात ताप चढला होता. प्रतिकार गेला, जंतू शिरले, असे त्यांनी गृहीत धरले होते. पहिल्या दोन दिवसांतील ताप पुष्कळदा दाहाचाच असतो, इंटरल्यूकिन-६ मेंदूतील तापमानाचा काटा वर सरकवते, हे तोवर वाचून झाले होते. तरी ते दूरध्वनीवर बोललो नाही, परिचारिकेला बोलवा एवढेच सांगितले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, जखम उघडून पाहिली, मूत्र तपासायला पाठवले आणि काहीही सुरू न करता सकाळपर्यंत थांबायचे ठरवले. सकाळी नाश्त्याला बौदींनी मागितलेली मुढी परळला मिळेना, तेव्हा यजमानांनी दादरपर्यंत जाऊन कुरमुरे आणले. ताप दुपारी उतरला.